दरबाराच्या चित्रात पणजोबा शोधण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिकोडी तालुक्यातल्या तुमच्या वाड्यात सोप्यावर दरबाराचं एक मोठं चित्र आहे, साधारण तीन फूट रुंद, काचेच्या चौकटीत. मधोमध खुर्चीवर राजे, एका हाताला साहेब मंडळी, दुसऱ्या हाताला पगड्या-फेटे. आजोबा सांगायचे की हा दिल्ली दरबार, आणि मागच्या रांगेत खांबाजवळ उभे आहेत ते आपले पणजोबा; ते जमखंडी संस्थानात नोकरीला होते. आता वाडा उतरवायचा आहे, चित्र काळवंडलंय, चुलते म्हणतात विकून टाकू, तुम्हाला मात्र ते बेळगावच्या फ्लॅटमध्ये लावायचंय. म्हणून विचारलंत: हे अस्सल आहे का, त्यात पणजोबाच आहेत का, आणि पुसून घ्यायचं तर कशानं?

उलट्या क्रमानं सांगतो. पुसू नका, ओल्या फडक्यानं तर नाहीच नाही. पणजोबांचं म्हणाल तर नुसत्या चेहऱ्यावरून कुणी छातीठोकपणे 'हेच ते' म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका. आणि 'अस्सल का' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, कारण तुमच्या हातात नेमकं काय आहे हेच अजून ठरलेलं नाही. मी शहापुरात जुनी चित्रं, छापे आणि फोटो दुरुस्त करतो. निपाणी, संकेश्वर, खानापूर, पार रामदुर्ग-मुधोळपर्यंतच्या वाड्यांतून अशी दरबारी चित्रं माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांबरोबर तुमच्यासारखीच एक गोष्ट आलेली असते. ती कधी खरीही निघते. पण तिची शहानिशा चेहऱ्यापासून सुरू होत नाही. आधी वस्तू कशाची आहे ते बघायचं, मग दरबार कुठला, आणि माणूस सगळ्यात शेवटी.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत काचेवर खिडकीचा उजेड पडलाय, त्यामुळे पोत कळत नाही. आपल्या भागात अशी चित्रं ढोबळमानानं चार प्रकारची सापडतात. कॅनव्हासवरचं तैलचित्र, तैलचित्राचा आव आणणारा छापा, म्हणजे ओलिओग्राफ, विलायती सचित्र साप्ताहिकातलं पान, ज्याच्यावर मागाहून कुणीतरी रंगाचा हात फिरवलाय, आणि मोठ्या फोटोवर रंग भरून केलेलं चित्र. तैलचित्र सहसा काचेत घालत नाहीत, त्यामुळे तुमचं चित्र उरलेल्या तिघांपैकी असावं. सहसा म्हणतो, कारण चुलीचा धूर आणि धूळ नको म्हणून तैलचित्राला काच लावलेली घरंही पाहिली आहेत.

एक दहापटीचं भिंग मिळवा. ऑफसेट छापखान्यात छपाई तपासायला असतं तेच. ओळखीच्या छापखान्यातून तासाभरासाठी कुणीही देईल. ते काचेवरूनच राजाच्या गालावर धरा. ठिपके ओळीनं, सारख्या अंतरावर, जाळीत बसवल्यागत दिसले तर तो जाळीच्या ब्लॉकवरचा किंवा आणखी अलीकडचा ऑफसेटचा छापा. ठिपके आहेत पण वाळू सांडल्यासारखे विस्कटलेले, आणि गालाच्या गुलाबीत तीन-चार रंग एकावर एक बसलेत, तर दगडावरून छापलेला ओलिओग्राफ. ठिपकेच नाहीत, करड्या-तपकिरी सावल्या सलग आहेत आणि वर रंगाचा पातळ थर दिसतोय, तर खाली फोटो आहे.

ओलिओग्राफ म्हटलं की लोक लगेच रविवर्म्याचं नाव घेतात. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून बाहेर पडलेली चित्रं मुख्यतः देवादिकांची आणि पुराणातल्या प्रसंगांची. दरबारी छापे परदेशातूनही छापून यायचे. त्यामुळे चित्राच्या खालच्या कडेला छापखान्याची जी बारीक ओळ असते ती सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच तयार चौकटीत बसत नाही म्हणून कापून टाकलेली असते. चौकटीच्या आतल्या पट्टीखाली ती ओळ दडलेली आहे का हे चौकट उघडल्याशिवाय कळणार नाही.

माझा अंदाज विचाराल तर तुमचं चित्र रंगवलेल्या फोटोच्या जातीचं आहे. कारण पुढच्या रांगेतल्या झाडून सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी रोखलेल्या आहेत, आणि त्या ठिकाणी राजे नाहीत, कॅमेरा आहे. चित्रकार स्वतः दरबार रचतो तेव्हा माणसांना राजाकडे, एकमेकांकडे बघायला लावतो. दोघे कुजबुजतात, एखादा चोपदार मान वळवतो. सगळा दरबार श्वास रोखून समोर बघत असेल तर तिथे फोटोवाला उभा होता असं धरून चाला.

खानापूरकडच्या एका वाड्यातून असंच एक चित्र माझ्याकडे आलं होतं. खिडकीशी तिरकं धरलं की काळ्या भागांवर रुपेरी-निळसर झाक उठायची. ही जुन्या चांदीच्या फोटोची खूण. राजाच्या गळ्यातले मोती मात्र दाट पांढऱ्या रंगाचे, कागदावर उठून आलेले, प्रत्येकाच्या खालच्या बाजूला करड्या रंगाची बारीक कड. शेल्याच्या काठाला सोनेरी पूड. राजाचा चेहरा इतक्या पातळ रंगात की खालचा फोटो जपलेला. दुसऱ्या रांगेपासून रंगारी कंटाळला असावा: सगळ्यांना एकच गव्हाळ रंग, एकाच वळणाच्या मिशा. मागच्या दोघांचे फेटे फोटोत अंधारात गेले होते, ते त्यानं मनानंच काढले होते. वेगवेगळ्या फोटोंतली डोकी कापून, एकत्र चिकटवून त्याचा पुन्हा फोटो घ्यायचीही पद्धत होती. मग त्या दिवशी गावात नसलेला माणूसही दरबारात हजर. तुमचे पणजोबा मागच्या रांगेत आहेत म्हणता, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

चौकटीची पाठही बघा. मागच्या फळीखाली पूर्वी वर्तमानपत्राची पानं घालत. तिथे समजा १९३८ चा अंक निघाला, तर चौकट शेवटची बंद केली ती १९३८ च्या आधी नव्हे, एवढंच सिद्ध होतं. चित्र त्याहून कितीही जुनं असू शकतं. लोक इथे हमखास घोटाळा करतात आणि चौकटीची तारीख चित्राला चिकटवतात.

आता दरबार कुठला ते पाहू. दिल्ली दरबार तीन झाले. १ जानेवारी १८७७ चा व्हाइसरॉय लिटनचा, १ जानेवारी १९०३ चा व्हाइसरॉय कर्झनचा, आणि १२ डिसेंबर १९११ चा, ज्याला बादशहा पंचम जॉर्ज स्वतः आला होता. तिन्हींचा मुख्य समारंभ उघड्या मैदानावर, त्यासाठीच उभारलेल्या मंडपांत झाला. तुमच्या चित्रात डोक्यावर लाकडी तुळया आहेत, कोरीव खांब आहेत, झुंबर लटकतंय. १९०३ मध्ये लाल किल्ल्यात किताब देण्याचा समारंभ झाला होता हे खरं, पण ते खांब दगडी. तुमचा हा एखाद्या संस्थानी वाड्यातला दिवाणखाना वाटतो. मग आजोबा चुकीचं बोलत होते का? तसंही नाही. दिल्लीत मुख्य दरबार होता त्याच सुमारास जिल्ह्याच्या गावी आणि संस्थानांतही समारंभ होत. 'दिल्ली दरबाराच्या वेळचं चित्र' असं पणजोबांनी सांगितलेलं पुढच्या पिढीत 'दिल्ली दरबार' होऊन बसलं असेल. शिवाय राज्यारोहण, दसरा, संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रज एजंटसाहेबाची किंवा मुंबईच्या गव्हर्नरची भेट, असे दरबाराचे प्रसंग कितीतरी.

काळ ठरवायला अंगावरचे बिल्ले आणि भिंती कामाला येतात. 'स्टार ऑफ इंडिया' हा किताब १८६१ मध्ये सुरू झाला. त्याची फीत फिकट निळी, कडेला पांढरे पट्टे, आणि झगाही फिकट निळाच. राजांच्या अंगावर तो असेल तर चित्र त्यानंतरचं, यात वाद नाही. १९११ च्या दरबाराचं पदक गडद निळ्या फितीचं, मधोमध दोन बारीक लाल रेघा. पण रंग मागाहून भरलेला असला की फितीच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही, पदकाच्या आकारावर ठेवावा. भिंतीवर व्हिक्टोरिया राणीची तसबीर असली म्हणून चित्र १९०१ च्या आधीचं ठरत नाही. राणी वारल्यावर तसबिरी लगेच कुणी उतरवल्या नाहीत. उलट पंचम जॉर्ज बादशहाच्या वेशात भिंतीवर दिसला तर मात्र १९१० च्या अलीकडचं हे नक्की.

मग बैठक. इंग्रजी थाटाच्या दरबारात मधे व्हाइसरॉय किंवा गव्हर्नर असला तर त्याच्या उजव्या हाताला संस्थानिक मानाच्या क्रमानं आणि डाव्या हाताला सरकारी अंमलदार बसत. अत्तर-पानाचाही क्रम ठरलेला: मोठ्या राजांना साहेब स्वतःच्या हातानं देणार, त्यांच्या खालच्यांना सेक्रेटरी, आणखी खालच्यांना त्याचा दुय्यम. खुर्ची एक घर मागे सरकली म्हणून संस्थानिकांनी अर्जांवर अर्ज केलेत. १८७७ ला हा तंटाच नको म्हणून राजांना प्रांतवार गट करून अर्धवर्तुळात बसवलं होतं. तेव्हा तुमच्या चित्रात राजांच्या उजवीला कोण आणि डावीला कोण, कुणाला हाताची खुर्ची आहे, कुणाला बिनहाताची, कोण गालिच्यावर आहे आणि कोण गालिच्याच्या बाहेर, हे आधी कागदावर उतरवून काढा. डावं-उजवं बघताना तलवारी कुठल्या कमरेला आहेत तेवढं तपासा. सगळ्यांच्या तलवारी उजव्या कमरेला दिसल्या तर चित्र उलटं छापलं गेलंय.

हे सगळं एवढं ताणून सांगतोय कारण दरबाराचं चित्र म्हणजे त्या दिवसाचा पंचनामा नव्हे. नामवंत चित्रकारांचीही हीच तऱ्हा. पुणे दरबाराचं सगळ्यात गाजलेलं चित्र घ्या. १७९० मध्ये टिपूविरुद्ध तह झाला, त्या वेळी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांपुढे आहे, असं ते भव्य तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. काढलं टॉमस डॅनियलनं, पुरं झालं १८०५ ला. तहाच्या वेळी डॅनियल पुण्यात नव्हता. त्यानं आधार घेतला जेम्स वेल्सच्या रेखाटनांचा, आणि वेल्स हिंदुस्थानात पोचला तोच मुळी १७९१ मध्ये. वेल्सनं पुण्यात राहून पेशव्यांना, नाना फडणविसांना समोर बसवून त्यांची चित्रं काढली, १७९५ ला तो वारला. म्हणजे चेहरे बघून काढलेले, पण तो प्रसंग दोघांपैकी एकानंही पाहिलेला नाही. चित्र सांगितलं होतं मॅलेटनं. आता त्यात मॅलेटला केवढी जागा मिळालीय ते बघा.

१८७७ च्या दरबाराला तर अधिकृत चित्रकार होता, व्हाल प्रिन्सेप. तो प्रत्यक्ष हजर होता, तरी चित्र तिथे झालं नाही. दरबारानंतर वर्षभर तो संस्थानं हिंडला, एकेका राजाला बसवून त्याचं रेखाटन केलं आणि विलायतेत परत जाऊन सात मीटरहून रुंद कॅनव्हासवर ती सगळी मंडळी एकत्र बसवली. १८८० मध्ये ते लंडनला लोकांसमोर आलं. म्हणजे प्रत्येक चेहरा वेगळ्या गावचा, वेगळ्या महिन्यातला. आपल्या राज्यातलंच उदाहरण हवं तर म्हैसूरच्या राजवाड्यात कल्याण मंटपाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रं आहेत. तीही दरबारी चित्रकारांनी फोटो समोर ठेवून केलेली. मला यात फसवणूक दिसत नाही. पैसे देणाऱ्याला त्या दिवशी काय घडलं यापेक्षा कोण कुठे बसायला हवा होता हे टिकवून ठेवायचं असे, आणि चित्रकार ते इमानानं करी. म्हणून अशा चित्रात बसण्याच्या जागेवर विश्वास ठेवावा, चेहऱ्यावर बेतानं.

आता तुमचे पणजोबा. पुढच्या दोन रांगांत असते तर काम सोपं होतं, कारण तिथली माणसं मानकरी. त्यांची यादी कुठेतरी असतेच. मागच्या रांगेत खांबाजवळ उभे म्हणजे एक तर हुद्द्यानं कारकून-शिरस्तेदार, नाहीतर भालदार-चोपदार, नाहीतर पाहुण्याबरोबर आलेला माणूस. त्यांच्या हातात काय आहे ते भिंगातून बघा. चांदीची काठी असेल तर चोपदार, मोरचेल असेल तर सेवेकरी, कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, काखेत असेल तर दप्तरचा माणूस. दप्तरचा निघाला तर तुमच्या घरच्या गोष्टीला पहिला आधार मिळाला.

दुसरा आधार कागदाचा. वाडा उतरवताना माळ्यावरचा एकही कागद रद्दीत घालू नका. नेमणुकीचा हुकूम, पोशाख मिळाल्याची याद, दसऱ्याच्या दरबाराचं बोलावणं, सोनं-नजर दिल्याची नोंद, असलं काहीतरी निघण्याचा संभव आहे. बरेचसे मोडीत असतील, काही कानडीत. आपल्या भागात एकाच रुमालात दोन्ही सापडतात. मोडी वाचणारी माणसं बेळगावात आणि कोल्हापुरात आहेत. सरकारी बाजूला कोल्हापूर, पुणे आणि मुंबई इथली पुरालेखागारं आहेत. संस्थानं आपले वार्षिक प्रशासन अहवालही छापत, त्यात वर्षभरातल्या दरबारांचा आणि साहेबांच्या भेटींचा उल्लेख सापडतो. मात्र कुठे शोधायचं हे संस्थान कुठलं त्यावर ठरतं. पणजोबा जमखंडीला होते म्हणून चित्र जमखंडीचंच असं धरू नका. या मुलखात सांगली, मिरज, कुरुंदवाड, रामदुर्ग, मुधोळ, कोल्हापूर यांच्या हद्दी एकमेकींत घुसलेल्या होत्या. बेळगाव शहर इंग्रजांचं आणि त्याला चिकटलेलं आमचं शहापूर सांगली संस्थानचं, एवढी गुंतागुंत. पाहुणे म्हणून शेजारच्या संस्थानच्या दरबाराला जाणं नेहमीचंच होतं. राजे कोण हे आधी ठरवा. त्यांचे फोटो मिळतात, पगडीची घडण जुळवून बघता येते.

आणि घरात पणजोबांचा दुसरा एखादा फोटो असेल तर कान जुळवा. रंगारी मिशा बदलतो, रंग बदलतो, कानाच्या वाटेला सहसा जात नाही.

आता पुसण्याकडे वळतो. काळवंडणं तीन कारणांनी असतं: काचेवरची घाण, वार्निश पिवळं पडणं, आणि मागच्या लाकडी फळीतलं आम्ल कागदात उतरून आलेले तपकिरी डाग. यातलं पहिलंच तुमच्या आवाक्यातलं आहे. काच बाहेरून कोरड्या मऊ कापडानं पुसा. काचेवर काही फवारू नका, ते कडेनं आत झिरपतं. बटाट्याची फोड, पावाचा लगदा, खोबरेल, टर्पेंटाइन, यांतलं काहीही नको. रंगवलेल्या फोटोवरचा रंग बहुधा पाण्यानं सुटणारा असतो. ओलं फडकं फिरलं की मोती पहिले जातात. कागद काचेला चिकटलेला असेल तर ओढून सोडवू नका, फोटोचा थर काचेवरच राहतो. चौकट उघडायचीच असेल तर आधी पुढून-मागून, खिळ्यांसकट फोटो काढा आणि चित्र पालथं घालून पाठीकडून सुरुवात करा. बुरशी जिवंत आहे का वाळलेली, वार्निश काढायचं का नाही, हे प्रत्यक्ष बघूनच ठरतं. चित्र खरंच जुनं तैलचित्र निघालं तर माझ्यासारख्याकडेही देऊ नका. म्हैसूरला केंद्र सरकारच्या संवर्धन प्रयोगशाळेचं प्रादेशिक केंद्र आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही संवर्धनाचा विभाग आहे, तिथे विचारा.

फ्लॅटमध्ये लावताना बाहेरची भिंत टाळा, पश्चिमेची तर नकोच. बेळगावच्या पावसात ती भिंत आषाढापासून भाद्रपदापर्यंत ओल धरते आणि चौकटीची पाठ तीच ओल पिते. आतल्या भिंतीवर, चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून टांगा, म्हणजे मागून वारा खेळेल. चित्र आणि काच यांच्यात जाड पुठ्ठ्याचा माउंट हवा, तोही आम्लरहित. फळीऐवजी तसलाच पुठ्ठा. जुनी चौकट आणि मागची पानं फेकू नका, वेगळी बांधून ठेवा.

चुलत्यांना एवढं सांगा: वाड्यावर येऊन रोख बोलणाऱ्याला चित्र काय आहे ते ठरायच्या आत देऊ नये. छापा असेल तर त्याच्या प्रती आणखी कुठेतरी असणार, किंमतही तशीच. ओळखीच्या दरबाराचा रंगवलेला फोटो एकुलता एक असू शकतो, पण त्याची खरी किंमत नावं पटली तरच. हाताने काढलेलं चित्र १०० वर्षांहून जुनं ठरलं तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो: असल्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. घेणाऱ्याला आधी परवाना विचारा. बरेचसे तिथेच उठून जातात.

पुढच्या वेळी फोटो काढाल तेव्हा चित्र अंगणात सावलीत आणा, काचेसमोर काळं कापड धरा, आणि हे चार पाठवा: संपूर्ण पुढची बाजू, संपूर्ण पाठ, राजांच्या छातीवरचे बिल्ले जवळून, आणि खांबाजवळच्या त्या माणसाचे हात.